रेच्यावरच्या बेबीताईंचे कान

यंदा जिनिंगच्या मुहूर्ताला आमच्या बेबीताईंनी प्रसाद म्हणून जे चावलं, ते खरं तर कानात घालायचं होतं. आणि ते प्रसादाच्या ताटात ठेवणारा गाढव म्हणजे मी.

राळेगाव रोडवरच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये मी सुपरवायझर. शेठनं नागपूरहून कानात घालायचे स्पंजचे बोळे मागवले होते. नारिंगी रंगाचे, करंगळीच्या पेराएवढे. मुहूर्ताच्या दिवशी वाटले तर देवासमोर बाया नाही म्हणणार नाहीत, अशी माझी अक्कल. वेगळं ताट सापडेना, म्हणून खोबरं-फुटाण्याच्या ताटातच एका कडेला मांडले. तेवढ्यात फोन आला, मी बाहेर गेलो, आणि मागं कोणीतरी भक्तिभावानं ताट फिरवलं.

परत येतो तर बेबीताई डोळे मिटून चावताहेत.

"भाऊ, हे काय आनलं यंदा? दाढ दुखून राह्यली, पन हे काही इरघळून नाही राह्यलं."

"ताई, थुंका ते! कानात घालायचं आहे!"

त्यांनी तो बोळा तळहातावर काढून उलटसुलट पाहिला. "मंग परसादात कायले ठेवलं? उद्या फुटाने नाकात घालाले सांगान."

झालं! त्या दिवसापासून बोळ्यांची अब्रू गेली ती गेलीच. कोणालाही द्यायला जावं, तर "नको भाऊ, जेवन झालं माहं," आणि मागून हशा.

बेबीताई लग्न होऊन आल्या तेव्हापासून रेच्यावर आहेत. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. एका लांब शेडमध्ये असे रेचे ओळीनं उभे, आणि सगळे एकदम सुरू झाले की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर नरडं फाडावं लागतं. त्यावर बायांचा उपाय ठरलेला. समोरच्या ढिगातला कापूस घ्यायचा, बोळा करायचा, कानात कोंबायचा. कापसाच्या कारखान्यात कानाला कापूस फुकट! बेबीताईंचा त्यावर भलता विश्वास. त्यांच्या कानांतून बाहेर डोकावणारे ते पांढरे तुरे पाहिले की मला उगीच सशाची आठवण येई.

आणि तोंडाचं काम हातांनी. बोटांची आढी घातली की पट्टा सुटला. अंगठा तोंडाशी नेला की चहा. मिशीला पीळ दिला की शेठ आले. माझ्यासाठी पोटावर हवेत मोठा गोल काढतात, हे मला फार उशिरा कळलं. बाकी ओठांवरून वाचायचं. शेडच्या त्या टोकाला कोणी सासूला शिवी दिली, तरी ह्या टोकाला बेबीताई हसणार.

तर ह्या अशा जागी दिवाळीनंतर कानतपासणीचं पथक आलं. पथक म्हणजे निकिता नावाची यवतमाळची एक मुलगी आणि एक पेटी. सकाळी रेचे सुरू होण्याआधी ऑफिसच्या खोलीत एकेकाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. सगळ्या बाया पास. बेबीताई तर पहिल्या नंबरात.

"आमच्या हवापाण्याचा गुण," मी छाती काढून म्हणालो.

निकिता काही हसली नाही. "सर, एवढे चांगले कान तर माझेही नाहीत. काकू माझ्या खांद्याकडे बघतात. मी बटण दाबलं की खांदा हलतो, आणि त्यांचं बोट वर. त्यांना पुन्हा बोलवा. या खेपेला तोंड भिंतीकडे."

मी बोलवायला गेलो. अंगणात कापसाचा फुफाटा, म्हणून तोंडाला रुमाल बांधलेला. रेचे अजून बंद. छपरावरची कबुतरंसुद्धा ऐकू येत होती. बेबीताई हातभर अंतरावर उभ्या. मी म्हटलं, "ताई, पुन्हा एकदा तपासायचं आहे." त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"रुमाल खाली करा, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

मी रुमाल खाली ओढला.

"ताई, कधीपासून?"

"कोनाले सांगू नका." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "मागं दुसऱ्या जिनिंगात कौसल्याले बहिरी म्हनून रेच्यावरून काढलं. पयले यार्डात, मंग घरी. त्या पोरीनं कागदावर लिवलं तं माहा रेचा गेला म्हनून समजा. मंग काय करू मी? घरी बसून सुनेच्या हाताखाली भाजी निवडू?"

हसावं की काय करावं ते मला कळेना. ज्या रेच्यानं कान खाल्ले, त्याच रेच्यासाठी ही बाई कान शाबूत असल्याचं नाटक करत होती. आणि नाटक असं बेमालूम, की मीच टाळ्या वाजवल्या होत्या.

शेठकडे गेलो. आधी कापसाचे भाव ऐकून घेतले, मग म्हटलं, बेबीताईंना कमी ऐकू येतं, पण त्यांना काढायचं नाही. शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले, "तिला काढून रेचे कोण चालवेल? तू?" माझा एवढा सुंदर अपमान आधी कधी झाला नव्हता. तो ताजा आहे तोवरच मी पुढचंही पदरात पाडून घेतलं. कानांवर चढवायचे मोठे कप आणायचे, बायांनी पाळीपाळीनं शेडबाहेरचं काम करायचं, आणि खडखडणारी बेअरिंगं बदलायची. फिटर उत्तमसिंग कुरकुरला, "मशीन हाय साहेब, पाळना नाही," पण बदलली.

मी शेडच्या दारातून बेबीताईंना हातानंच सांगितलं. रेच्याकडे बोट, त्यांच्याकडे बोट, मूठ घट्ट. रेचा तुमचाच, पक्का. त्यांनी क्षणभर पाहिलं, पदरानं डोळे टिपले आणि अंगठा तोंडाशी नेला. म्हणजे चहा पाजा.

दुसऱ्या सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. निकिता बटणं दाबत गेली, बोट बराच वेळ मांडीवरच राहिलं. मग तिनं त्यांना समोर बसवून सावकाश समजावलं. बारीक, चिरके आवाज गेले आहेत. ते परत यायचे नाहीत. कापसानं हा आवाज अडत नाही, अडल्यासारखा वाटतो एवढंच. कप घातले तर आहे ते टिकेल.

बेबीताई म्हणाल्या, "म्हंजे चिमन्या हायत अजून? मले वाटे, मोबाइलच्या टावरानं मेल्या."

निकितानं खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. त्यावर पाचसहा चिमण्यांचं भांडण पेटलेलं. बेबीताई उठून खिडकीशी गेल्या आणि त्यांच्या चोचींकडे पाहत उभ्या राहिल्या. मी उगाच टेबलावरचे कागद नीट लावत बसलो.

कप आले. पदराखालून घातले तर फट राहते, म्हणून पदर डोक्यावरून काढून कमरेला खोचावा लागतो. बायांनी नाकं मुरडली. बेबीताईंनी सगळ्यांत आधी खोचला आणि सुनेच्या वयाच्या पायलचा कप स्वतः दाबून बसवला, तो असा की पोरगी कळवळली. आता कोणी कप काढून ठेवला की बेबीताई हातांनी जे बोलतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मार्च लागला. शेडचा पत्रा तापून लाल व्हायचा बाकी. परवा जेवणाच्या सुट्टीत बेबीताई कप गळ्यात अडकवून घाम पुसत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि रुमाल खाली करून विचारलं, "ताई, गेलेलं ऐकणं काही परत यायचं नाही. मग एवढ्या उकाड्यात हे कप कशाला सोसता?"

त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग जरा वर, डोक्याकडे.

"तुमचे आर्धे केस गेले, मंग उरलेले उपटून टाकले का तुमी?"