दवाखाने नापास करणारे काका

जालना जिल्ह्यातले जेवढे दवाखाने माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी नापास केले, तेवढे सरकारी तपासणीवाल्यांनीही केले नसतील. आणि गंमत म्हणजे काका स्वतः आयुष्यात एकदाही कुठल्या दवाखान्यात भरती झालेले नव्हते. एसटीत कंडक्टरकी करून ते निवृत्त झालेले, जालन्याजवळ बदनापुरात स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, बायको आधीच गेलेली, आणि प्रज्ञा ही एकुलती एक मुलगी. प्रज्ञा आणि मी तीन वर्षं एका बाकावर बसून नर्सिंग शिकलो. माझं गाव शहागड. तिथून रोज जालन्याला मुलाखतीला जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून निकाल लागल्यावर मी त्यांच्याकडेच राहायला गेले. पहिल्याच सकाळी चहा गाळता गाळता काकांनी जाहीर केलं की दवाखान्यांनी आपली मुलाखत घेण्याआधी आपण त्यांची घ्यायची.

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काका आमच्याबरोबर निघायचे, पण समोरच्या काचेच्या दारातून लगेच आत जायचे नाहीत. आधी इमारतीला मागून एक चक्कर. नर्सांच्या चपला काढून ठेवायची जागा शोधायची आणि चपलांचे जोड मोजायचे; मग पेशंटच्या नातेवाइकासारखा चेहरा करून वॉर्डातल्या खाटा मोजून यायचं. एका ठिकाणी खाटा साठ आणि चपलांचे जोड तीन निघाले. आत आमची नावं पुकारली जात होती, तरी काका आम्हाला तिथून सरळ रस्त्यावर घेऊन आले. "एवढ्या गर्दीच्या गाडीत मी आयुष्य काढलं," ते म्हणाले, "तुम्ही न्हाई काढायचं." दुसऱ्या एका दवाखान्यात ड्युटी संपवून निघालेल्या सिस्टरला गाठून, बाई, मागच्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला, असं त्यांनी विचारलं. ती बिचारी घाबरून वॉचमनला घेऊन आली. वॉचमनने दंड धरल्यावरही काका शांतपणे सांगत होते की मी दोन पोरींचा बाप आहे. त्या दोघींत त्यांनी मला धरलं होतं, हे मी अजून विसरलेले नाही.

पगाराचा त्यांचा हिशोबही निराळा. आम्ही आकडा ऐकून खूश व्हायचो, काका आधी तास विचारायचे. आठ तासांचे नऊ हजार देणारा आणि बारा तासांचे अकरा हजार देणारा यांत कंजूस कोण, हा प्रश्न त्यांनी नवीन जालन्याहून परतताना शेअर रिक्षात आम्हाला घातला. मी नऊवाला म्हटलं तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं. "जास्त देणाराच कमी देऊन राह्यलाय बाई," म्हणाले, आणि बदनापूर येईपर्यंत रिक्षाभाडं, डबा, पांढऱ्या गणवेशाची धुलाई असं एकेक वजा करून दाखवत राहिले. शेवटी हातात काय उरतं ते ऐकून शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनेही त्च् केलं.

पण सगळेच दवाखाने त्यांनी नापास केले असं म्हणणं खोटं ठरेल. बऱ्याच ठिकाणी आधी आम्हीच नापास झालो. अनुभव किती, हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की फाइल बंद. एका मॅनेजरला काकांनी विचारलं होतं, की साहेब, कालच पास झालेल्या पोरीला अनुभव कुठून राहील, तुम्हाला पहिल्या दिवशी होता का? साहेबांनी दाराकडे बोट केलं. काही ठिकाणी ठेवून घ्यायला तयार होते, पण पहिले तीन महिने शिकाऊ म्हणून बिनपगारी, नेमणुकीचं पत्र नाही, म्हणजे पुढे अनुभवाचा दाखलाही नाही. सरकारी कंत्राटी जागा काकांना बिलकुल पसंत होत्या. पण जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि बाहेर ओळखीच्या-अनोळखी पोरींची ही रांग. यादीत आमची नावं लागली नाहीत त्या दिवशी परतताना काका म्हणाले की मुलाखतीच्या खोलीचा पंखा चालत नव्हता, अशा ठिकाणी नकोच आपल्याला. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत राहिलो.

असे पाच महिने गेले. शहागडला हायवेवर माझ्या वडिलांचं टायर-पंक्चरचं दुकान; पाठीवर अजून दोन बहिणी शिकत होत्या. वडील फोनवर म्हणाले, मिळेल ते धर. मी धरलं. दवाखाना काकांनी नापास केलेलाच होता, कारण तिथे दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेत आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत. काका म्हणायचे, आपला मूळ कागद कुणाच्या कपाटात गेला की आपणही त्या कपाटात गेलो. मी त्यांना न सांगता कागद देऊन आले. संध्याकाळी त्यांना सांगितलं. त्यांनी माझी पेटी रिक्षात ठेवायला मदत केली, आणि त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

प्रज्ञा मात्र घरीच राहिली. माझ्या पगारात मी आईला साडी घेतली, बहिणीची फी भरली, हे तिला फोनवर कळायचं आणि ती लवकर फोन ठेवायची. माझ्या नोकरीच्या दहाव्या महिन्यात एका सकाळी तिने वडिलांपुढे बॅग आणून ठेवली. पुण्यात नर्स पुरवणाऱ्या एका एजन्सीमार्फत काम ठरलं होतं. काय बोलणं झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "पप्पा, तुम्ही पास केलेला दवाखाना या जिल्ह्यात न्हाई. मंग मी कुठं जाऊ?" तास किती, राहायचं कुठे, यातलं काहीही न विचारता काका तिची बॅग उचलून स्टेशनपर्यंत गेले. गाडी हलली तेव्हा, ती म्हणाली, त्यांचा हात सवयीने वर गेला, घंटीची दोरी ओढावी तसा, आणि तसाच खाली आला.

पुढे काही महिन्यांनी मला संभाजीनगरच्या एका दवाखान्यात आठ तासांची ड्युटी आणि नेमणुकीचं पत्र मिळत होतं. पण मूळ प्रमाणपत्रं दाखवायची होती, आणि बॉण्ड पुरा न करता ती सोडवायला माझा दवाखाना तीन महिन्यांचा पगार मागत होता. दोन दिवस रडून झाल्यावर मी काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते पांढऱ्या शर्टात हजर. मॅनेजर भेटेना, तेव्हा ते डबा मांडीवर घेऊन चौकशीच्या खिडकीसमोर बसले. संध्याकाळी उठून गेले, सकाळी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी तिथली रांग तेच लावत होते, कुणाला एक्स-रे कुठे, कुणाला औषधं कुठे हे सांगत होते, आणि तुमचा पेशंट कोण, असं कुणी विचारलं की माझ्या कागदांची सगळी हकिकत आवाज न चढवता पहिल्यापासून सांगत होते. सहाव्या दिवशी मॅनेजरने लिफाफा त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा इथे येऊ नका म्हणून हात जोडले.

रिक्षात त्यांनी एकेक कागद उलटून पालटून पाहिला, शिक्का तपासला आणि लिफाफा मला दिला. मग बाहेर बघत म्हणाले, "तिचे कागद कुणाकडं हायेत, तुला माहीत आसंल."

मला माहीत होतं. प्रज्ञाचे कागद एजन्सीकडे होते. तिचा पगार काकांनी नापास केलेल्या पहिल्याच दवाखान्यातल्या पगारापेक्षा कमी होता, आणि यातलं काहीच पप्पांना सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. मी म्हटलं, तिच्याकडेच आहेत काका, सगळं व्यवस्थित आहे.

"बराबर," ते म्हणाले. स्टेशनपाशी उतरल्यावर थोडे घुटमळले. "तिला म्हणावं, सुट्टी न्हाई भेटली तरी चालतंय. मीच येऊन जातो. कधी येऊ, तेवढं कळव म्हणावं."

मी निरोप दिला. प्रज्ञाने लिहिलं, आत्ता नको. आम्ही सहा जणी एका खोलीत राहतो, पप्पांना बसवू कुठं? मी काकांना सांगितलं की तिची ड्युटी बदलायची आहे, बदलली की बोलावते म्हणाली. घाई न्हाई, ते म्हणाले.

आता दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. माझं जेवण, माझी नवी जागा, माझ्या बहिणींचं शिक्षण, सगळं विचारतात. तिचा विषय काढत नाहीत. पण फोन ठेवण्याआधी काही क्षण नुसते थांबतात. तेवढ्यात मला प्रज्ञाबद्दल खरं काहीतरी सांगता यावं, असं दर वेळी वाटतं, आणि मीही त्यांच्याबरोबर नुसती थांबून राहते.