दोन्ही टोकं भिंतीत

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे मुंगूस म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यांनाही त्याचं काही वाटायचं नाही. माणूस भेटायचाच टेबलाखाली. आधी बुटांचे तळवे दिसायचे, मग कुणी हाक मारली की "आलो, आलो" म्हणत डोकं टेबलाच्या कडेवर आपटून बाहेर यायचं. कॉम्प्युटर, प्रिंटर, तारा, सगळा पसारा त्यांच्याच गळ्यात. मी दाराशी बसणारी टेलिफोन ऑपरेटर. माझं तोंड दिवसभर चालू आणि त्यांचं दिवसभर बंद, म्हणूनच आमचं जमलं असावं.

त्यांची बायको नोकरीतल्या बदलीमुळे लेकीला घेऊन दुसऱ्या गावी गेली होती. मी त्यांना वहिनी म्हणायची. तिथं आमचीही शाखा आहे, म्हणून मुंगसांनी लगेच बदलीचा अर्ज टाकला. पण सोडणार कोण? आमचे मोठे साहेब म्हणजे इस्त्रीसाहेब. रुमालालाही घडीची रेघ लागायची त्यांना, आणि टेबलावर पेन तिरकं पडलेलं दिसलं की बोलता बोलता सरळ करायचे. ते म्हणाले, "नवे फोन बसवा आणि खुशाल जा."

हे नवे फोन म्हणजे एक प्रकरणच होतं. जुन्या फोनची स्वतंत्र तार असायची. हे कॉम्प्युटरच्या तारेवरच चालायचे. तार भिंतीतून फोनमध्ये यायची आणि फोनमधून कॉम्प्युटरला जायची. पहिल्याच दिवशी हिशेबवाल्यांनी कसली तरी भली मोठी फाइल पाठवली आणि माझं बोलणं तुटायला लागलं. माझ्या 'हॅलो'तला 'हॅ' आत्ता पोचायचा आणि 'लो' मागाहून, सावकाश. समोरच्यांना वाटत असणार, बाई सकाळीच घेऊन बसलीय.

"एकाच चुलीवर सगळ्यांचं शिजतंय, ताई," मुंगूस म्हणाले. "चुली वेगळ्या करायला हव्यात."

त्याला ते व्हर्च्युअल लॅन म्हणायचे. तार तीच ठेवायची, पण तिच्यात बोलण्याचा रस्ता निराळा आणि कॉम्प्युटरचा निराळा. एकाचं दुसऱ्यात मिसळायचं नाही, आणि गर्दी झाली की आधी बोलण्याला वाट द्यायची. म्हणजे घर एक आणि चुली दोन. आमच्या सासरी हे कुणी वेळेवर केलं असतं तर किती भांडणं वाचली असती, असं मी म्हटलं, तेव्हा ते चक्क हसले.

मग ते एकेक मजला घेत सुटले. एकदा तर ज्या तारेवर स्वतःचा लॅपटॉप जोडून बसले होते, तिचीच मांडणी बदलून टाकली. बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. समोरचा पडदा गप्प झाला आणि हे केबल गळ्यात घालून जिने उतरत स्विचच्या खोलीकडे पळाले. सगळ्या तारा जिथं एकत्र येतात ती ही खोली म्हणजे बिनखिडकीचं कपाट. आत पंखे घोंगावायचे आणि हिरवे दिवे लुकलुकायचे. तिथं मला दोन मिनिटांत गुदमरायचं, ते अर्धा दिवस काढायचे.

फोन मात्र फक्कड चालायला लागले. शेजारी बसून बोलावं इतका साफ आवाज. इस्त्रीसाहेब म्हणाले, "छान. आता वरचा मजला घ्या." मग गोदाम आलं. मग, "आता जरा स्थिर होऊ द्या." गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं गरजच सरत नव्हती, वैद्य बिचारा सुटणार कसा?

वहिनींचा फोन जेवणाच्या सुट्टीत यायचा. "आहेत का टेबलाखाली?" असं हसत विचारायच्या. मी जोडून द्यायची. इकडून एकच वाक्य ऐकू यायचं, "निघतोच आहे. हे एवढं बघतो आणि निघतो." पुढं पुढं वहिनींचं हसणं थांबलं. एकदा त्यांनी मलाच विचारलं, "ताई, खरं सांगा, त्यांना यायचंय ना?"

"अहो, यायचंय म्हणजे काय," मी म्हटलं. "कोंडून ठेवलंय त्यांना इथं." आणि माझा त्यावर पक्का विश्वास होता.

शेवटी वरच्या ऑफिसातून एकदाचा हुकूम आला. तिथल्या शाखेत जागा एकच होती आणि दुसरा एक जण टपून बसला होता. ठरलेल्या दिवशी ऑफिस बंद व्हायच्या आत हजर झाले तर जागा यांची, नाहीतर त्याची. त्यासाठी दुपारचीच गाडी पकडायला हवी होती. आणि वहिनींनीही सांगून टाकलं होतं, "या वेळी आला नाहीत तर मी पुन्हा विचारणार नाही."

निघायच्या दिवशी बॅग माझ्या टेबलापाशी ठेवून त्यांनी मला फोन उलटा करून दाखवला. मागं दोन भोकं. "एकातली तार भिंतीला, दुसऱ्यातली कॉम्प्युटरला. दोन्ही भिंतीला लागल्या तर सगळं आतल्या आत गोल फिरत राहतं आणि गुदमरतं. एवढं सांभाळा." मग मोबाइल दाखवला. ऑफिसातल्या प्रत्येक फोनचा त्यावर एकेक हिरवा ठिपका होता.

"हे आधी काढून टाका," मी म्हटलं.

"गाडीत बसलो की काढतो."

ते बाहेर पडले तेव्हा माझे डोळे भरून आले. फार बरं वाटलं. एक माणूस तरी सुटला, असं वाटलं.

त्याच सकाळी मीटिंग हॉलमधला कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर इस्त्रीसाहेब त्या हॉलमधून रुमालाला हात पुसत बाहेर आले. "फोनची एक तार नुसती लोंबत होती, लावून टाकली," असं समाधानानं म्हणाले. मी मान हलवली. दोन-चार जांभया होतात न होतात तोच माझा फोन मुका झाला. मग वरचे ओरडले, गोदामातून माणूस धावत आला, कॉम्प्युटरही जागच्या जागी थिजले. चुली कितीही वेगळ्या मांडा, घरच पेटलं तर काय करणार?

"मुंगसाला बोलवा," साहेब म्हणाले. "अजून स्टँडवरच असेल."

मी माझा मोबाइल उचलला, नंबर न लावताच कानाला धरला आणि म्हटलं, "लागत नाही." धडधडीत खोटं बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

मग उठले आणि हॉलमध्ये गेले. माझे गुडघे आता टेबलाखाली शिरण्याच्या वयाचे राहिलेले नाहीत, पण शिरले. फोनमधून निघालेल्या दोन्ही तारा भिंतीत, शेजारी शेजारी, अगदी नीटनेटक्या खोचलेल्या. एक उपटली. थोड्या वेळानं बाहेर एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळा मजला वाजायला लागला. मी डोकं आपटून बाहेर आले. साहेबांना उपटलेली तार दाखवली, तर ते शर्टाची बाही सरळ करायला लागले.

जागेवर येऊन बसते तोच दार उघडलं. मुंगूस. हातात बॅग आणि घामानं निथळलेले.

"कुठल्या फोननं केलं?"

"तुम्हाला कुणी बोलावलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. सगळे ठिपके लाल झाले."

"अहो, चालू झालंय सगळं. मी केलं."

"बघितलं, वाटेत हिरवे झाले. पण गाडी सुटायच्या आत उतरलो होतो." ते खाली मान घालून बोलत होते. "एका तारेनं सगळं बंद पडायला नको होतं, ताई. अशी तार लागली की ते भोक आपोआप बंद व्हावं, अशी सोय असते. हॉलमधला फोन लवकर सुरू व्हावा म्हणून मी ती काढली होती. परत लावायची राहिली."

"मरू दे ती सोय. जागा गेली तर गेली, संध्याकाळच्या गाडीनं निदान घरी तरी जा." माझा आवाज चढला होता. इतके दिवस मी उगाच इस्त्रीसाहेबांच्या नावानं खडे फोडत होते. दार तर उघडंच होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. छोट्या पडद्यावर वहिनींचा नंबर होता. मी काही न बोलता रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. आवाज इतका साफ की मलाही ऐकू आलं, "ताई, निघाले ना ते?"

त्यांनी हॉलच्या दाराकडे पाहिलं. "निघतोच आहे," ते म्हणाले. "हे एवढं बघतो आणि निघतो."

पलीकडून काहीच आलं नाही. ते दोनदा 'हॅलो, हॅलो' म्हणाले. मग रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "आवाज तुटतोय का हो अजून?"

"नाही," मी म्हटलं. "तार ठीक आहे."

तरी त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला, बॅग खाली ठेवली आणि तार तपासायला माझ्या टेबलाखाली शिरले.