मामाची गोणी

परळ-लालबागच्या मंडळांना मूर्तीसाठी ट्रक खाली घ्यायचा असला, की सगळे डिलाईल रोडवरच्या एका वेल्डरकडे जातात. सगळे त्याला मामा म्हणतात. नाव मीही कधी विचारलं नाही.

पुलाखाली मुकुट अडकू नये म्हणून तो ट्रकचा मूर्तीखालचा सांगाडा कापून खाली घेतो आणि पुन्हा जोडतो. टेपवर त्याचा भरवसा नाही. खुणा केलेला बांबू घेऊन तो आधी स्वतः पुलाखाली उभा राहून येतो. यंदा आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "मामा, अजून दोन इंच खाली घ्या ना." तो म्हणाला, "मुकुट करा की दोन इंच कमी," आणि काळा चष्मा चढवून कामाला लागला.

जोड थंड झाल्यावर त्याने गोणी अंथरली, बरोबर त्या जोडाखाली उताणा झोपला आणि आम्हा पंचवीस जणांना ट्रकवर चढायला सांगितलं. प्रत्येक ट्रकला तो असंच करतो म्हणे. आम्ही चढलो. माझा मात्र धीर होईना. मी एक पाय ट्रकवर आणि एक बाजूच्या कट्ट्यावर ठेवला.

खालून हातोडीचे दोन ठोके ऐकू आले, मग त्याचा आवाज आला. "कट्ट्यावर पाय कोणाचा रे? वर घे. देव काय अर्धा बसणार आहे?"

मी दुसरा पाय उचलला.