कबड्डीची नवीन टीम कुठी बसवाची?

नाई वो बायांनो, मी भांडाले नोती गेली. आपल्या नागभीडात कबड्डीच्या दोन्ही टीम बाजाराकडंच हायेत. आता पोरींची नवीन टीम कुठी बसवाची, म्हणून आज बैठक होती. बसून बसून कंबर मोडली.

स्टेशनाकडच्या पोरी म्हणे, "आमाले बाजाराकडं लय दूर पडते."

बाजाराकडचे एक भाऊ म्हणे, "चालल्यानं ताकत येते."

मी म्हटलं, "मंग भाऊ, तुमी काऊन गाडीवर आले?" सारे हासले.

शेवटी स्टेशनाकडची, माह्या घरामागची मोकळी जागा सर्वायले पटली. मीच आडवी आली. म्हटलं, "धूळ उडते, माहे पापड खराब होतीन." जागा रद्द झाली. पोरी तोंड पाडून घरी गेल्या.

खोटं बोलली मी. आमचे हे तिथीच कबड्डी खेळत. ते गेल्यापासून तिथी कोणाचा खेळ मले पाहावत नाई.