गौरीच्या नदीची ओटी

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि नद्या समुद्राकडे वाहतात याबद्दल मला कधीही शंका आली नव्हती.

आमची गौरी लग्न होऊन आयर्लंडला गेली. तिच्या घरामागे एक छोटीशी नदी आहे. डोंगरातून निघते, दलदलीतून भटकते आणि गावाच्या टोकाला समुद्राला मिळते. (ग्वाल्हेरात आमच्या थाटीपुरातून स्टेशनला जायला रिक्षाला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्यात संपते!) गौरीला सातवा महिना लागला तशी हिने, म्हणजे माझ्या बायकोने, फोनवर फर्मान काढलं, "मी तिथे नाही, तर निदान त्या नदीची ओटी भर. तीच सांभाळेल तुला."

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागला. गौरी नारळ, फुलं आणि हळदकुंकू घेऊन काठावर उभी.

"अगंबाई, पाणी चहासारखं का गं?" हिने विचारलं.

"वर पाऊस झालाय. गाळ आहे," मी अधिकाराने सांगितलं.

"गाळ नाही बाबा, दलदलीतल्या मातीचा रंग आहे. बारा महिने असंच असतं."

पहिली विकेट पडली. मी खुर्ची पुढे ओढली. "ते राहू दे. समुद्र उजवीकडे ना? मग नारळ उजवीकडे जाणार. कॅमेरा तिकडे धर."

गौरीने हात जोडून नारळ सोडला. नारळ क्षणभर डुलला, विचार केल्यासारखा थांबला आणि डावीकडे निघाला. डोंगराकडे!

"बाबा, ये तो उल्टा जा रहा है!"

"वारा असेल."

"पानसुद्धा हलत नाहीये!"

"मग तू फोन उलटा धरलायस!"

"फोन उलटा धरला तर तुम्ही उलटे दिसाल बाबा, नदी कशी उलटी वाहील?"

फुलंही नारळाच्या मागोमाग निघाली. ही पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "नदीने ओटी परत केली हो! घेतली नाही तिने!" आणि रडायलाच लागली. तिला पाहून तिकडे गौरीचेही डोळे भरले. मी दोघींना धीर द्यायला भूकंपाची शक्यता बोलून दाखवली. (त्याने रडणं वाढलं.)

तेवढ्यात गौरीची शेजारीण नोरा कुत्र्याला फिरवत आली. पंचाहत्तरीची बाई. तिने रडण्याचं कारण विचारलं, नारळाकडे पाहिलं आणि हसत गौरीच्या पाठीवर हात ठेवला.

"आई," गौरी डोळे पुसत म्हणाली, "ती म्हणते, भरती आहे. समुद्राचं पाणी आत शिरलं की नदी वर जाते. दिवसातून दोनदा. ओहोटी लागली की परत येईल."

भरती! मी हा धडा एकतीस वेळा शिकवला होता. पण ग्वाल्हेरला भरती येते ती फक्त फळ्यावर.

संध्याकाळी नोराने काढलेला फोटो आला. नारळ समुद्राकडे चालला होता. ही तो फोटो कितीतरी वेळ बघत बसली. मग हळूच म्हणाली, "बघा, नदीसुद्धा दिवसातून दोनदा माहेरी जाऊन येते. आणि माझी पोर तिकडे एकटी."

दोन वर्षं मी हिला सांगत होतो, तुझे गुडघे दुखतात, तिथली थंडी तुला सोसायची नाही. गुडघे खरे होते. पण खरं कारण म्हणजे मला विमानाची भीती वाटते. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तिकिटं काढूया," मी म्हटलं.

महिन्याभराने आम्ही निघालो. विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत मी हिचा हात सोडला नाही. बिचारी पहिल्यांदाच विमानात बसली होती, तिला धीर नको का द्यायला? मी सगळ्यांना हेच सांगतो. ही सारा वेळ घोरत होती, तेवढं सांगत नाही.