खालांची ‘परसों’

आज हैदराबादेत, कुकटपल्लीच्या बाल्कनीत वेल छाटताना ओल्या काडीचा हिरवट वास आला आणि मी थेट गौलीगुड्याच्या गच्चीवर पोचले. सातवीतच शाळा सुटलेली, लग्न होऊन नुकती औशाहून आलेली मी. घरमालकीणबाईंना सगळे खाला म्हणत. लेकीकडे जाताना त्यांनी आपली लाडकी वेल माझ्या हवाली केली होती. पांढऱ्या फुग्यातून लाल फूल डोकावणारी ती वेल थंडीत पार उघडीबोडकी झाली. आता खोली सोडायला लावतील, या धास्तीनं मला घास जाईना.

खाला परतल्या, वेल बघून म्हणाल्या, “परसों बी ऐसाइच हुआ था.”

परवा? परवा तर त्या इथं नव्हत्याच! कुणी चुगली केली की काय, या विचारानं मला रडूच फुटलं. आमचे हे हसत सुटले. “अगं, इथली परसों म्हणजे मागे कधीतरी. दर थंडीत होतं म्हणतायत त्या.”

खालांनी कात्री माझ्याच हातात दिली. “डर नक्को बेटी, काट. नवी डालीकुच फूल आते.” म्हणजे नव्या फांदीलाच फुलं येतात.

तेव्हा खोली वाचली, एवढंच कळलं. इतक्या घाबरट पोरीच्या हाती तीच वेल पुन्हा सोपवायला किती माया लागते, ते आत्ता उमगतंय.