पिकअपची खोड

गुरुवारी सकाळी लीलाबाई धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पऱ्हाटीकडे निघाल्या होत्या. कापसाची वेचणी सुरू होती आणि हातात वेचणाऱ्या बायांसाठी भाकरीचं फडकं होतं. शेताच्या कोपऱ्यातल्या शेडचं फाटक उघडं राहिलं होतं. त्यातून एक तांबूस कुत्रं बाहेर आलं आणि जमिनीचा वास घेत धुऱ्यापर्यंत पोचलं. कोणीही करील तेच लीलाबाईंनी केलं. हात उगारला आणि ओरडल्या, “हाड! हाड!”

कुत्रं वळलं नाही. उलट सरळ त्यांच्याकडे धावत सुटलं. लीलाबाई मागे सरकल्या, पाय ढेकळात अडकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगटाचं हाड मोडलं.

कुत्रं चावलं नव्हतं. वणीच्या डॉक्टरांनी नीट बघून तसं सांगितलं. पण बायकोच्या हाताला प्लास्टर घालून घरी आणलेल्या रामरावांना त्याचं काही वाटलं नाही. ते थेट शेडवर आले.

“उकंडा, तुह्या कुत्र्याईबद्दल मी आजवर एक शब्द बोललो नाई. वावराचा कोपरा देल्ला, पानी देल्लं. पन हे कुत्रं रैवारच्या दुपारपर्यंत इथून गेलं पायजे. नाई गेलं तं समदीच जातीन. टिनं मी सोता खोलीन.”

“भाऊ, थे चावत नाई—”

“धावून येते का नाई, थे सांग.”

उकंडा भोयरने उघडं फाटक ओढून घेतलं. धावून तर ते आलंच होतं.

वणी-चंद्रपूर रस्त्याला लागून असलेली ही शेड म्हणजे चार खांब, टिनाचं छप्पर आणि कोळसा ट्रकांच्या जुन्या ताडपत्र्यांच्या भिंती. टाकून दिलेली, गाडीखाली आलेली, घर बदलताना मागे राहिलेली कुत्री इथे राहतात. त्यांना सांभाळणारा उकंडा साठीपार झालेला ट्रक ड्रायव्हर आहे. वणीच्या खाणींवरून त्याने उमेदीची सगळी वर्षं कोळसा वाहिला. पाठ गेली तेव्हा ट्रक विकला. ट्रकखाली झोपणारी कुत्री मात्र दारातच राहिली, म्हणून तिचं नाव स्टेपनी पडलं. मग लोक आपापली नकोशी कुत्री आणून सोडू लागले. बायको आधीच वारली होती. मुलगी दिपाली यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात नोकरीला आहे. तिच्या मते बापाला रिकामपण सोसत नाही, एवढंच.

उकंडाच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मल्यावर त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं आणि आईने तिच्याकडून मूठभर ज्वारी देऊन परत घेतलं. टाकलेल्या पोरावर मरणाची नजर पडत नाही, असा समज; उकंडा हे नावही त्या उकिरड्यावरूनच. शेडवर येणारे लोक हे ऐकलं की लगेच मान डोलवतात आणि अर्थ काढू लागतात. उकंडाला ते आवडत नाही. “कायचा अर्थ, बापा? आमच्या गावात चार उकंडे होते. बाकीचे तिघं कुत्र्याले गोटे मारते.”

तांबूस कुत्र्याचं नाव त्याने पिकअप ठेवलं होतं. मागच्या उन्हाळ्यात ते बंद पडलेल्या एका ढाब्याच्या मागे सापडलं, तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. महिनाभरात अंग भरलं आणि मग त्याचा वेग दिसला. बसलेल्या जागेवरून ते सरळ पळतच निघे. माणूस दिसला की आनंदाने उड्या, हात चाटणं, चप्पल पळवणं. अनोळखी माणसावर ते साधं गुरगुरतही नसे. असं कुत्रं सहज कोणाकडे जाईल, असं उकंडाला वाटलं होतं.

ते गेलंही. दोनदा. आधी वणीतल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने नेलं, नंतर एका निवृत्त कारकुनाने. दोघांनीही परत आणून सोडलं आणि दोघांची तक्रार एकच होती. एरवी देवमाणूस, पण हाकललं की अंगावर येते. उकंडाने ते ऐकलं, पण मानलं नाही. शेडवर तसं कधी घडलंच नव्हतं. त्यालाही कारण होतं. उकंडा कुत्र्यांना कधी हाड म्हणत नाही. वाट अडवून बसलेल्या कुत्र्याला तो ट्रकवाल्यासारखं “साइड! साइड दे!” म्हणतो आणि कुत्री बाजूला होतात.

शुक्रवारचा दिवस फोनवर गेला. ओळखीच्या सगळ्यांना त्याने फोटो पाठवले. दुपारी एकाने हो म्हटलं आणि संध्याकाळी बायको नको म्हणते म्हणून कळवलं. लीलाबाईंच्या मनगटाची बातमी फोटोच्या आधी पोचत होती. अंधार पडायच्या सुमारास मारेगावकडच्या एका तांड्यावरून सुनील राठोडचा फोन आला. बंजारा शेतकरी, स्वतःची पऱ्हाटी आणि तूर. मागच्याच महिन्यात चोरट्यांनी वावरातल्या झोपडीतून वेचलेला कापूस नेला होता. राखणीला कुत्रं हवं होतं.

“रैवारी सकाळी येतो काका. याडीले घेऊन येतो. तिनं पाह्यल्याबिगर आमच्या घरी जनावर येत नाई.” याडी म्हणजे आई.

कोणी घेतो म्हणतंय, यावर उकंडाने खूश व्हायला हवं होतं. पण हेही कुत्रं परत आलं तर ते आणून सोडायला शेड उरणार नव्हती. शनिवारी सकाळी तो मोटारसायकल काढून त्या बंद ढाब्यावर गेला. ढाब्याला कुलूप होतं. शेजारी पंक्चरचं दुकान होतं आणि तिथे पिंटू नावाचा पन्नाशीचा माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. उकंडाने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. पिंटू बघताच हसायला लागला.

“अबे, हा तं आपला सर्कसवाला! जित्ता आहे का अजून?”

“कायची सर्कस?”

“ढाबेवाल्याची. अजी, ढाबेवाला मागच्या दारात उभा राहे, हातात मटनाचं हाड. याले म्हने, हाड! अन् हाड फेके. पिल्लू होतं तवापासून. मंग ड्रायव्हर लोकाईले दाखवे. म्हने, साऱ्या दुनियेतले कुत्रे हाड म्हनलं का पयतेत, माह्यं येते. ट्रका थांबवून पाहे लोक. हासून हासून पोट दुखे.”

“अन् हाड नाई फेकलं तं?”

“तं तोंड आ करून समोर बसे. भेटेपर्यंत.” पिंटूने ट्यूब बाहेर काढली. “काहून? काई केलं का त्यानं?”

उकंडाने मोटारसायकलला किक मारली. परत येऊन त्याने पिकअपला जाळीच्या आवारात सोडलं, स्वतः बाहेर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा शेडवरच्या कुत्र्याला हाड म्हणाला. बाकीची कुत्री पांगली. पिकअप तीरासारखं आलं, जाळीपुढे बसलं आणि जबडा उघडून वाट बघत राहिलं. तो आतून बिस्किट घेऊन येईपर्यंत ते जागचं हललं नाही.

खोड कळली होती, पण ती एका दिवसात जाणार नव्हती. दुपारभर त्याने प्रयत्न केला. हाड म्हणायचं आणि पाठ फिरवायची. पिकअप वळसा घालून पुन्हा समोर येऊन बसायचं. संध्याकाळी त्याने दिपालीला फोन केला.

“बाबा, त्यायले हे सांगू नोका,” ती म्हणाली. “वावरात राहीन कुत्रं. तिथं कोन येऊन हाड म्हनते?”

“अन् म्हनलं तं? पोरं राह्यतीन तिथं. एखांदं पडलं तं?”

“तुमी ट्रक विकाले काढला तवाबी असंच केलं. जो येईन त्याले सांगे, इंजिन तेल खाते. वर्षभर उभा राह्यला दारात.”

“खातच होतं थे तेल.”

“बरं. मंग सोमवारी सतरा कुत्रे घेऊन कुठी जाता, थे सांगा. माह्या खोलीवर आनता?”

त्याने फोन ठेवला. सांगायचं की नाही, हे त्याचं रविवारी सकाळपर्यंत ठरलेलं नव्हतं.

रविवारी आधी रामराव आले. हातात नट खोलायचा पाना होता. ते शेडच्या पहिल्या खांबाला टेकून उभे राहिले. थोड्या वेळाने मालवाहू ऑटो रस्त्याच्या कडेला थांबला. सुनील उतरला आणि पाठोपाठ त्याची आई रुपीबाई. सत्तरीची, ताठ, हातात काठी. नवरा हयात असताना तिने त्याच्यासोबत बरेच बैलबाजार पाहिले होते. पिकअपने दोघांचंही जोरदार स्वागत केलं. सुनीलच्या शर्टावर मातीचे पंजे उमटले. तो हसला. रुपीबाई हसली नाही. तिने कुत्र्याचा जबडा उघडून दात पाहिले, पंजे दाबून पाहिले, पोटाखालून हात फिरवला.

“चांगलं हाये,” सुनील म्हणाला आणि दोरी हातात घेतली.

रुपीबाई उकंडाकडे वळली. “खोड काय?”

बैलबाजारात हा प्रश्न सौदा पक्का व्हायच्या आधी विचारतात. मारका आहे का, औताला जुंपल्यावर बसतो का, डाव्या हाताला बिचकतो का. विचारल्यावर विकणाऱ्याने सांगायचं असतं. लपवलेल्या खोडीचा बैल परत दारात येतो, आणि पुढच्या बाजारात त्या माणसाच्या खुंट्यापाशी कोणी थांबत नाही. उकंडा शेतकऱ्याच्या घरचा होता. प्रश्न कोणता आहे हे त्याला कळलं. दोरी सुनीलच्या हातात होती, ऑटोचं इंजिन चालू होतं आणि रामराव पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

“एक खोड हाये, माय,” उकंडा म्हणाला. “हाड म्हनलं का धावून येते.”

“हे पाहा,” रामराव म्हणाले. “मी काय सांगून राह्यलो होतो?”

उकंडाने सगळं सांगितलं. ढाबा, मटनाची हाडं, ड्रायव्हरांचं हसणं, परत आलेली दोन घरं, लीलाबाईंचं मनगट. सुनीलने दोरी हळूच सैल सोडली. त्याची नजर ऑटोकडे गेली. “याडी, चाल मंग. दुसरं पाहू.”

“थांब.” रुपीबाई काठी टेकत आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि वळून उभी राहिली. “सोड त्याले.”

“माय, पडसान,” उकंडा म्हणाला.

“सोड म्हनलं नं.”

उकंडाने दोरी काढली. रुपीबाई ओरडली, “हाड!”

पिकअप सुटलं. कान मागे, मान पुढे, पायांखालची माती उडत होती. समोरून बघणाऱ्याला त्यात खेळ दिसला नसता, फक्त दात दिसले असते. रामरावांनी पाना उगारला. सुनील धावला, पण तो पोचणार नव्हता. रुपीबाईने काठी जमिनीत रोवली आणि पाय हलवला नाही. कुत्रं तिच्या लुगड्याच्या काठाशी येऊन थांबलं, बसलं आणि तोंड उघडलं. जिभेवरून लाळ गळत होती.

रुपीबाईने कमरेची पिशवी सोडली, भाकरीचा तुकडा काढला आणि त्या उघड्या जबड्यात ठेवला. मग लेकाला विचारलं, “सुनील, चोर आलते तवा आपला काळ्या कुत्रा कुठी होता?”

“वावरातच होता. झोपडीपाशी.”

“मंग?”

“त्यायनं हाकलला असंल. पयाला असंल.”

“काय म्हनून हाकलला असंल?”

सुनीलने कुत्र्याकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना. “हाडच म्हनलं असंल, याडी. दुसरं काय म्हनतीन!”

“हे घ्याचं,” रुपीबाई म्हणाली. “वावरात राहीन, तांड्यात नाई. पोराईले मी सांगीन. हाड म्हनाचं नाई, ‘जाय’ म्हनाचं.” आणि ऑटोत चढता चढता तिने उकंडाला सुनावलं, “तू सांगतलं नसतं तं रातच्याले आनून तुह्याच दारात बांधलं असतं.”

ऑटो मारेगावच्या दिशेने गेला. पिकअप मागच्या फळीवर पुढचे पाय ठेवून उभं होतं आणि मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे बघून शेपूट हलवत होतं. रामरावांनी पाना खिशात घातला. माफी मागितली नाही, कोणाचं अभिनंदन केलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, “फाटकाले कडी लावत जा.”

सोमवारी लीलाबाई पुन्हा धुऱ्यावरून निघाल्या. फडकं डाव्या हातात होतं. उकंडा फाटकाला नवी कडी ठोकत होता.

“गेलं का थे?” त्यांनी विचारलं.

“गेलं, वहिनी. मारेगावकडं.” आणि त्याने त्यांनाही ढाब्याची हकिगत सांगितली.

लीलाबाई ऐकत राहिल्या. प्लास्टरमधल्या हाताकडे त्यांनी एकदा बघितलं. “म्हन्जे मी हाड म्हनलं, अन् त्यानं माह्यं आयकलंच की,” त्या म्हणाल्या.

पुढे वाटेत स्टेपनी आडवी पसरली होती. लीलाबाईंनी डावा हात उचलला, तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. मागे वळून त्यांनी विचारलं, “हिले काय म्हनू?”

“हिले हाडच म्हना, वहिनी,” उकंडा म्हणाला. “हे जाते.”